निकॉन मोनार्क एम५ ८×४२: नान्नजच्या माळावर, भर पावसात

पक्षी बघायला दुर्बीण घेताना सोलापुरात बहुतेकांची पहिली चूक आकड्यात होते. ८×४२ मधला आठ म्हणजे पक्षी किती पट मोठा दिसतो ते, आणि ४२ म्हणजे पुढच्या काचेचा मिलिमीटरमधला व्यास. दहाची मिळतेय तर आठची कशाला, असा हिशेब करून १०×५० गळ्यात येते. मग जुलैत नान्नजच्या माळावर पश्चिमेचा वारा सुटला, वरून भुरभुर सुरू झाली, की हीच दुर्बीण अर्ध्या तासात बॅगेत जाते. चित्र थरथरतं, काचा धुरकटतात आणि गवतातून उडालेला पक्षी सापडेपर्यंत तो पुन्हा गवतात बसलेला असतो. हे परीक्षण मोनार्क एम५ च्या ८×४२ मॉडेलचं असलं तरी ते एकाच कामापुरतं आहे: सोलापूरच्या माळरानावर, पावसाळ्यात, तीन-चार मित्रांनी पायी फिरताना ती कितपत कामाला येते. उजनीच्या पाण्यावर लांबची बदकं मोजणाऱ्यांचं गणित वेगळं, त्यांनी यातली मतं बेतानेच घ्यावीत.

आधी आकडे. वजन ६३० ग्रॅम. दृष्टिक्षेत्र ६.४ अंश. अडीच मीटरपर्यंत जवळचं फोकस होतं. चष्म्यासाठी डोळा आणि काच यांत साडेएकोणीस मिलिमीटरची जागा मिळते. काच ईडी जातीची, म्हणजे चित्राच्या कडांना रंगांची झालर कमी आणणारी आहे, आत नायट्रोजन भरलेला आहे आणि १ मीटर पाण्यात १० मिनिटं टिकेल असं कंपनी सांगते. आत धूळ किंवा पाणी जायला वाट नाही, ही यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. जुन्या घडणीच्या स्वस्त पोरो दुर्बिणी उजेडात फार सुरेख दिसतात, पण बहुतेकांना पाणीबंद सील नसतं. एकदा आत ओल गेली की प्रिझमवर बुरशीचं जाळं धरतं, ते घरी निघत नाही.

आता हे आकडे माळावर आणून बघू. ६.४ अंश म्हणजे ४० मीटरवर साधारण साडेचार मीटरचा गोल. याच मालिकेतली १०×४२ घेतली तर ५.६ अंश, म्हणजे चार मीटरही भरत नाही. अर्ध्या मीटरचा फरक कागदावर किरकोळ वाटतो. पण डोंबारी चंडोल बघताना तोच कळीचा ठरतो. हा चिमणीएवढा पक्षी. नराचं डोकं राखाडी, पोट काळं कुळकुळीत. पंख भराभर फडकवत तो वर चढतो, तिथून पंख मिटून दगडासारखा खाली सुटतो, जमिनीच्या वर सावरतो, थोडा चढतो, पुन्हा सुटतो. शीळ चालूच असते. डोंबाऱ्याच्या कोलांट्यांवरून मराठीत नाव पडलंय ते उगीच नाही. दहाच्या दुर्बिणीत तो पहिल्यांदा खाली सुटतो तेव्हाच चौकटीबाहेर जातो. आठमध्ये दोन-तीन कोलांट्या सलग सापडतात. मुरारी हाही चंडोलच, पण त्याची तऱ्हा वेगळी: तो थोडा वर चढून पंख पसरतो आणि पाय लोंबकळत ठेवून हळूहळू उतरतो, छत्रीसारखा. उतरताना पंखातला तांबूस रंग दिसला की दुसरं काही तपासायची गरज नाही. हा रंग ढगाळ उजेडात दिसायला हवा, आणि इथे ४२ मिलिमीटरची काच कामाला येते.

हिशेब सोपा आहे. ४२ ला ८ ने भागा, सव्वापाच येतात. डोळ्यात जाणारा प्रकाशाचा झोत तेवढ्या मिलिमीटरचा असतो. दहाने भागलं तर ४.२. खिशात मावणाऱ्या ८×२५ मध्ये जेमतेम तीन. आभाळ भरलेलं असताना आपली बाहुली मोठी होते आणि तीनचा झोत तिला पुरत नाही, तपकिरी पक्षी तपकिरी मातीत विरघळून जातो. १०×५० ला मात्र उजेड कमी पडत नाही, तिची अडचण वजनाची आणि थरथरीची आहे. उन्हाळ्यात तापलेल्या माळावरची हवा अकराच्या सुमारास चित्र नाचवायला लागते, मग आठची काय नि दहाची काय. पावसाळ्यात ढगाखाली हवा थंड आणि स्थिर असते. त्यामुळे या दिवसांत आठमधूनही पिसापिसाचा तपशील मिळतो आणि दहाची हाव धरायचं कारण उरत नाही.

अडीच मीटरचं जवळचं फोकस मृगात कामी येतं. पहिल्या पावसानंतर मातीवर मृगाचे किडे फिरतात, लाल मखमलीचे. ते उभ्यानेच, वाकल्याशिवाय बघता येतात. मित्रांमध्ये एखादा पक्ष्यांना कंटाळणारा असला तर त्याच्यासाठी ही सोय मोठी.

आता पावसाचा खरा प्रश्न. पाणीबंद दुर्बीण आतून धुरकटत नाही. बाहेरून धुरकटणार नाही असं वचन कुणी दिलेलं नाही, आणि नेमकी इथेच लोकांची फसगत होते. सोलापूरहून एसी लावलेल्या गाडीत तीस-चाळीस मिनिटं थंड झालेली दुर्बीण नान्नजला दार उघडून दमट हवेत काढली की दोन्ही बाजूंच्या काचांवर वाफ धरते. ती पुसू नका, पुसली तरी पुन्हा धरते. गावाच्या अलीकडे दहा मिनिटं एसी बंद करून खिडक्या उघडायच्या आणि दुर्बीण मांडीवर घ्यायची, म्हणजे काच बाहेरच्या हवेला येते. दुसरी वाफ आपल्याच श्वासाची. रेनकोटची टोपी डोक्यावर ओढली की तोंडातली गरम हवा वर सरकते आणि डोळ्याकडच्या काचेवर बसते. रबरी कडा चेहऱ्याला घट्ट दाबली तर जास्तच. कडा एक टप्पा आत फिरवून दुर्बीण डोळ्यापासून बोटभर सैल धरली की वाफ निघून जाते. रेनकोटच्या टोपीऐवजी पुढे चोच असलेली कापडी टोपी घालावी. चोच चष्म्यावरचे थेंबही अडवते. गांधी टोपी इथे कामाची नाही, कितीही शोभून दिसली तरी.

थेंबांचं वेगळं. दुर्बीण छातीवर लोंबत असते तेव्हा डोळ्याकडच्या काचा आभाळाकडे तोंड करून असतात, म्हणजे पावसाला दोन वाट्याच मांडून ठेवल्यासारख्या. सोबत येणारं रबरी झाकण पट्ट्यात ओवायचं असतं. ते दोन्ही बाजूंनी ओवलं तर प्रत्येक वेळी काढताना पट्टा ओढला जातो आणि चार सेकंद जातात. फक्त डाव्या बाजूने ओवा. एका बोटाने उडवलं की झाकण बाजूला लोंबतं आणि दुर्बीण डोळ्यापाशी. पुढच्या काचांची झाकणं मात्र चालताना निघून पडतात. ती सुरुवातीलाच काढून पिशवीत टाकलेली बरी, कारण पुढच्या काचा खाली वाकलेल्या असतात आणि तिथे पाऊस फारसा जात नाही.

एम५ ची खरी उणीव इथेच आहे. तिच्या काचेवर पाणी आणि तेल झटकणारा लेप नाही. याच कंपनीच्या एम७ ला तो आहे, शिवाय ८.३ अंशांचं रुंद दृष्टिक्षेत्र आहे, वजन ६७० ग्रॅम. एम५ वर थेंब गोळा न होता पसरतो आणि चित्राचा एक कोपरा वितळल्यासारखा दिसतो. उपाय पुसण्याचा नाही, फुंकण्याचा. रबरी फुग्याने हवा मारायची, तो नसेल तर दुर्बीण उलटी करून एक झटका द्यायचा. माळावर मुरमाची बारीक कच सगळीकडे उडत असते. शर्टाच्या टोकाने ओली काच पुसली की ती कच काचेवर घासली जाते आणि काचेवरच्या चकाकी रोखणाऱ्या लेपावर ओरखडे उठतात, ते कायमचे. हात मात्र कोरडे हवेत, नाहीतर फोकसचं चाक बोटाखाली निसटतं. त्यासाठी खांद्यावर सोलापुरी टॉवेल टाकावा. पाणी शोषण्यात त्याचा हात धरणारा दुसरा नाही.

मित्रांबरोबर निघताना दुर्बिणी कमी आणि डोळे जास्त अशी स्थिती ठरलेली. एका दुर्बिणीला दोन माणसं चालतात. तिसरा आला की पक्षी गेला. कारण दरवेळी दोन गोष्टी बदलतात: दोन नळ्यांमधलं अंतर आणि उजव्या डोळ्याची डायॉप्टर रिंग, म्हणजे दोन डोळ्यांच्या नजरेतला फरक जुळवणारं कडं. नळ्या दुमडून-उघडून एक गोल दिसेपर्यंत जुळवायला क्षण पुरतो. रिंगला वेळ लागतो, आणि एम५ मध्ये ती लॉक होत नाही, म्हणजे पिशवीतून काढता-घालताना सरकते. निघण्याआधीच ती लावून घ्यावी. लांबचा किलोमीटरचा दगड पकडा. उजवी काच तळहाताने झाकून डाव्या डोळ्याने मधलं चाक फिरवा, आकडा धारदार झाला की थांबा. आता डावी झाका, चाकाला हात न लावता फक्त रिंग फिरवून उजव्या डोळ्याला तोच आकडा धारदार करा. रिंग जिथे थांबली तिथे नेलपॉलिशचा बारीक ठिपका द्या. दोघांत दुर्बीण असेल तर दोन रंगांचे दोन ठिपके. दहापैकी आठ वेळा "मला काहीच दिसेना" ही तक्रार रिंगेमुळे असते, दुर्बिणीमुळे नव्हे. चष्मेवाल्याने रबरी कडा पूर्ण आत दाबायची, बिनचष्म्याच्याने बाहेर काढायची. ही देवघेव करताना गळ्यातला पट्टा काढायचा राहून जातो आणि ओढाताण होते. चौघांत दोन दुर्बिणी हा प्रमाणशीर संसार.

सोबत येणारा पट्टा मानेवर भार टाकतो आणि दोन तासांत मान आखडते. पाठीवरून दोन्ही खांद्यांवर येणारा पट्टा घेतला तर वजन वाटलं जातं, आणि चालताना दुर्बीण डुलत नाही.

पावसापासून बचावाला काय घ्यायचं यावर दोन शब्द, कारण दुर्बीण चांगली असून उपयोग नसतो जर धरणाऱ्याचा रेनकोट पक्षी उडवत असेल. प्लास्टिकचा पिवळा रेनकोट चालताना करकरतो आणि उघड्या माळावर लांबून दिसतो. मळकट हिरवा किंवा मातकट, जरा मऊ कापडाचा घ्या. छत्री दुर्बिणीला खरं तर सोयीची, एका जागी बसून बघताना तर फारच, पण या माळावर वारा तिला उलटी करतो. इथले धनगर घोंगडीची खोळ घेतात, आणि या कामासाठी त्याहून चांगलं काही सुचवता येत नाही. आवाज शून्य, रंग मातीचा, लोकरीवरून भुरभुर ओघळून जाते, आणि खाली बसलं की माणूस दगडासारखा दिसतो. जोराची सर आली की मात्र घोंगडी पाणी पिते आणि उचलवत नाही. सांगोल्याकडची चांगली घोंगडी स्वस्त नाही, पण एकदा घेतली की वर्षानुवर्षं जाते.

चिखलाचा विषय सोलापूरकराला नव्याने सांगायला नको, तरीही दरवर्षी कुणीतरी दुचाकी काळ्या रानात घालतोच. काळी माती ओली झाली की टायरला थर चढतो, थर मडगार्डमध्ये दाटतो आणि चाक जागेवर जाम. काठीने खरवडायचं, शंभर पावलं ढकलायचं, पुन्हा खरवडायचं. गाडी मुरमाड जागीच लावा. मुरूम सर थांबल्यावर थोड्या वेळात चालण्याजोगा होतो, काळ्या रानाला वापसा यायला दोन-तीन दिवस लागतात. पायाचंही तेच. गमबूट मुरमावर जड पडतात आणि काळ्यात ढेकूळ घेऊन येतात. घोट्यापर्यंतचे बूट बरे. चप्पल-सँडल मुळीच नको, कारण घोणस आणि फुरसं दोन्ही या भागात आहेत आणि फुरसं मुरमाच्या रंगात मिसळून जातं. गवत पिकायला लागलं की कुसळं मोज्यात घुसून पोटरीपर्यंत टोचतात, तेव्हा घसरत्या नायलॉनची पँट घालावी.

जायचं कुठे आणि कधी? नान्नज सोलापूरपासून बार्शी रस्त्यावर वीसेक किलोमीटर. द्राक्षांच्या लोकांना ते सोनाका वाणाचं गाव म्हणून ठाऊक आहे, पक्ष्यांच्या लोकांना माळढोकाचं. अभयारण्य १९७९ चं. माळढोक मीटरभर उंचीचा, हंगामात एखादंच अंडं घालणारा, आणि सोलापुरातून जवळजवळ संपलेला. तो दिसेल या आशेने येऊ नका आणि मित्रांना तसं सांगूही नका. कुंपणाच्या आत वन विभागाच्या परवानगीशिवाय जायचं नाही. पण मार्डी, कारंबा, अकोलेकाटीच्या बाजूची पडीक माळं आणि गाडीवाटा यांवरही भरपूर मिळतं. गवतात शिरू नये. पावसाळा हा इथल्या जमिनीवर घरटी करणाऱ्यांचा हंगाम. टिटवी डोक्यावर घिरट्या घालून ओरडायला लागली तर आपण अंड्यांजवळ आहोत, आल्या पावली मागे फिरायचं. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बाहेर काढणंही या महिन्यांत नकोच.

इथला पाऊस बहुतेकदा दुपारनंतर किंवा रात्री पडतो. सकाळी साडेसहा ते दहा ही वेळ हाताशी असते. रात्री सर पडून सकाळी उघडीप मिळाली तर त्याहून चांगलं काही नाही: पक्षी पंख वाळवायला बाभळीच्या शेंड्यांवर आणि कुंपणाच्या खांबांवर येऊन बसतात. जूनमध्ये चातक येतो, काळा-पांढरा, तुरेवाला. तो सातभाईंच्या घरट्यात अंडी घालतो, म्हणून सातभाईंचा कलकलाट ऐकू आला की भोवतालची झुडपं तपासायची. पावशाचं "पेर्ते व्हा" ऐकू येतं, दिसत मात्र तो क्वचितच. जुलै-ऑगस्टात विहिरींवरच्या बाभळींना सुगरणींचे खोपे. आखूड गवताच्या आणि नांगरटीच्या जागी धाविक: चार पावलं धावतो, ताठ उभा राहतो, पुन्हा धावतो. छाती तांबूस, डोळ्यावर पांढरी-काळी पट्टी. तो थांबतो तेव्हाच दुर्बीण लावायची, धावताना नाही. पखुर्ड्या, माळावरचे कबुतरासारखे पक्षी, थव्याने पाण्यावर येतात, पण पावसाळ्यात डबकी जागोजागी असल्यामुळे एका जागी वाट बघून फायदा नाही. भोवत्या या शिकारी पक्ष्यांसाठी कुणी ऑगस्टात येत असेल तर थांबावं. ते पाऊस सरल्यावर, हिवाळ्याच्या तोंडावर येतात. काळवीट, खोकड आणि नशिबात असेल तर लांडगा, हे तर वरकड.

सप्टेंबर हा सोलापूरचा सगळ्यात पावसाचा महिना, उत्तरा आणि हस्ताचा. रब्बीची ज्वारी याच पावसावर. याच महिन्यात विजेचा धोकाही जास्त. सपाट माळावर सगळ्यात उंच वस्तू आपणच असतो, वर छत्री किंवा खांद्यावर ट्रायपॉड असला तर अधिकच. वीज चमकली की मोजायला लागा. तीस मोजायच्या आत गडगडाट आला तर गाडीत बसायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर यायचं नाही. एकट्या लिंबाखाली किंवा बाभळीखाली उभं राहणं ही सगळ्यात वाईट जागा. गाडी लांब असेल तर एकमेकांपासून अंतर ठेवून, पाय जुळवून उकिडवं बसायचं. गडगडाटाला तीन सेकंद म्हणजे साधारण एक किलोमीटर, एवढा हिशेब लक्षात असला की पुरे.

खायला कडक भाकरी आणि शेंगा चटणी. भाकरी स्टीलच्या घट्ट डब्यात न्या, दमट हवेत ती तासाभरात वातड होते. आणि चटणीचं तेल लागलेल्या बोटांनी काचेला हात लावू नका. तेल झटकणारा लेप नसलेल्या एम५ वर तो डाग त्या दिवशी निघत नाही.

मग घ्यावी का? महिन्यातून दोनदा तरी बाहेर पडत असाल आणि दुर्बीण पावसात काढायची हिंमत हवी असेल तर घ्या. पैसे हात देत असतील तर एम७ कडे जा, पसरणाऱ्या थेंबाचा आणि सरकणाऱ्या रिंगेचा, दोन्ही त्रास तिथे नाहीत. वर्षातून एकदा सहल म्हणून जाणाऱ्याने मात्र मित्राचीच मागून घ्यावी आणि पेट्रोल भरावं.

परत आल्यावर ती तशीच केसमध्ये कोंबू नका, सगळ्यात जास्त दुर्बिणी तिथेच बिघडतात. पाणीबंद असल्याने नळाच्या हलक्या धारेखाली धरून कच आणि चिखल आधी वाहून जाऊ द्यायचा. मग झटकून, मायक्रोफायबरच्या स्वच्छ फडक्याने हलक्या हाताने, मधून कडेकडे. रबरी कडा पूर्ण बाहेर काढून ठेवा, त्यांच्या मुळाशी पाणी साठतं. रात्रभर पंख्याखाली. उन्हात नको, तांदळाच्या डब्यात तर नकोच, कारण तांदळाची पीठधूळ चाकात बसते. दुसऱ्या दिवशी सिलिका जेलच्या दोन पुड्यांसह घट्ट डब्यात. पट्टा वेगळा काढून वाळवावा, तो दोन दिवस ओला राहतो आणि केसमध्ये गेला की सगळ्याला कुबट वास मारतो.